लघवीला जायला परवानगी कशाला हवी?

कट्ट्यावर विषय निघाला होता शाळेतल्या कॅमेऱ्यांचा. कुठे किती बसवावेत यावर बोलणं चाललं असताना मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "कॅमेऱ्यांचं नंतर बघू. सात वर्षांच्या पोराला लागली तर लगेच जाता येतं का, गेल्यावर आतून कडी लागते का, तिथे त्याला भीती वाटते का, एवढं आधी सांगा. मूल शाळेत सुरक्षित आहे की नाही, ते तिथे कळतं."

मास्तरचा आक्षेप लगेच आला. "एकाला सोडलं की पाच जणांना लागते. वजाबाकीत हातचा घ्यायची वेळ आली की अर्धा वर्ग दारात उभा." पहिली-दुसरीचा वर्ग ज्याने सांभाळलाय त्याला हे खोटं वाटणार नाही.

डॉक्टरने आकडे मांडले. चार ते बारा वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात किती मावतं याचा अंदाज काढायचा तर वयात १ मिळवून ३० ने गुणायचं. सात वर्षांच्या मुलाचे झाले २४० मिलिलिटर. दिवसाला चार ते सात वेळा जाणं नेहमीचंच. "आता शाळा पाच-सहा तासांची. सुट्टीत रांग, रांगेत ढकलाढकली, आत वास. मग मूल पाणीच प्यायचं सोडतं. बाटली भरलेली नेतं, भरलेली आणतं. घरचे म्हणतात, पाण्याकडे त्याचं लक्षच नसतं. अरे, चांगलं लक्ष असतं, म्हणून तर पीत नाही!"

धरून ठेवायची सवय लागली की लघवी करतानाही स्नायू पुरते सैल पडत नाहीत. थोडी आत उरते, जंतू वाढतात, मग जळजळ आणि ताप. शी दाबण्याचं आणखी वाईट. ती आत कडक होते, आतड्याचं शेवटचं टोक ताणलं जातं आणि लागल्याची जाणीवच बोथट होते. पुढे त्या कडक गोळ्याच्या कडेने पातळ शी झिरपते. चड्डी खराब झालेली मुलाला कळतही नाही. "आणि आपण ओरडतो त्याला," डॉक्टर म्हणाला. "किंवा जुलाब समजून जुलाब थांबायचं औषध देतो, म्हणजे बद्धकोष्ठता वाढली. खरं औषध शी मऊ करणारं. तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, बऱ्याचदा काही महिने. चार दिवस बरं दिसलं म्हणून बंद केलं की पुन्हा तेच. जोडीला जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवायचं, पायाखाली पाट द्यायचा. पाय लोंबकळत असतील तर नीट होत नाही."

"ते पटलं. पण नुसतं भटकायला जाणाऱ्यांचं काय?" मास्तर काही सोडेना.

यावर बाईंची पद्धत ऐकण्यासारखी आहे. दाराजवळ दोन खुंट्या, त्यांवर पुसता येतील अशी दोन कार्डं. खुंटीवर कार्ड असेल तर मुलाने उठायचं, कार्ड घ्यायचं, त्या जागी आपल्या नावाची पट्टी अडकवायची आणि जायचं. विचारायचं नाही. एका वेळी दोघांच्या वर कुणी बाहेर नसतं, आणि आग लागून वर्ग रिकामा करावा लागला तर बाहेर कोण आहे ते पट्टी सांगते. पाच मिनिटांत परतलं नाही तर मोठ्या माणसाने बघायला जायचं, दुसऱ्या मुलाला पाठवायचं नाही. सुरुवातीला गर्दी होणार. अप्रूप संपलं की ती ओसरते.

"आणि मास्तर, त्या पट्ट्यांकडे जरा बघत जा," बाई म्हणाल्या. "गणिताच्याच तासाला जो उठतो त्याचं गणित बघायला हवं. जो दिवसभर जातच नाही त्याची मला जास्त काळजी. आणि जो फक्त तास चालू असताना जातो, सुट्टीत कधीच नाही, त्याला सुट्टीत तिथे कोण भेटतं?"

कट्टा गप्प झाला. दादागिरी बहुतेक वेळा मोठ्यांची नजर नसते तिथेच चालते. म्हणून सुट्टीत एक मोठं माणूस स्वच्छतागृहाच्या बाहेर हवंच. कॅमेरा हवा असेल तर तोही बाहेरच्या वाटेवर, आत कदापि नाही. मोठ्यांचं स्वच्छतागृह वेगळं.

मिस्त्रीला बोलायचं होतं ते कडीबद्दल. ती मुलाच्या छातीच्या उंचीवर, एका बोटाने सरकणारी, आणि बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारी हवी. जड कडी लागत नाही, म्हणून मूल दार लोटून बसतं आणि कुणीतरी ते ढकलतं. तेवढ्यावरून ते पुन्हा तिथे जायचं टाळतं. बिजागरीच्या फटीत बोटं चेमटतात, तिथे रबरी पट्टी मारायची.

मावशींनी सफाईचं सांगितलं: सुट्टीच्या आधी एकदा, नंतर एकदा, आणि मुलं यायच्या आत फरशी कोरडी. अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधी ओतायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. बाटल्या कुलपात.

डॉक्टरने मध्येच एक अपवाद नोंदवला. मूल अचानक सारखं पाणी पितंय, सारखं लघवीला जातंय, बारीक होतंय, किंवा रात्री कोरडं राहणारं पुन्हा अंथरूण ओलं करतंय, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायची. लहान मुलांचा मधुमेह काही दिवसांत जिवावर बेतू शकतो.

खरी खडाजंगी झाली ती पुढच्या प्रश्नावर. स्वच्छतागृहात कुणीतरी नको तसा हात लावला, असं मुलाने सांगितलं तर?

"मी आधी खात्री करून घेईन," मास्तर म्हणाला. "उगाच कुणाचं नाव खराब नको."

"अजिबात नाही!" बाई उसळल्या. "खात्री करणं तुमचं काम नाही. तुम्ही दहा प्रश्न विचारले की मूल तुम्हाला हवं ते उत्तर देतं, आणि पुढच्या तपासात त्याचं खरं बोलणंही डळमळीत ठरतं. शांत राहायचं. 'अजून काही सांगायचंय?' एवढंच विचारायचं. 'अमक्याने केलं का?' असं नाव सुचवायचं नाही. 'कुणाला सांगणार नाही' हे वचन तर द्यायचंच नाही, कारण ते मोडावं लागतं. 'सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही' हे मात्र जरूर म्हणायचं. मग त्याचेच शब्द, वेळ आणि तारीख लिहून ठेवायची. त्याच दिवशी शाळेत ज्यांच्यावर ही जबाबदारी आहे त्यांना सांगायचं आणि कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी कळवायचं. ज्याचं नाव आलंय त्याला जाब विचारायला जायचं नाही."

मास्तर थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कार्डं लावतो. फक्त चाचणीच्या वेळी काढून ठेवीन."

"चाचणीलाच तर पोटात गोळा येतो," डॉक्टर म्हणाला. "तेव्हा तर ती हवीतच. शिवाय कपाटात दोन-तीन मापांच्या चड्ड्या आणि पँटी ठेव. कुणाची ओली झाली तर वर्गासमोर बोलायचं नाही. त्याचं त्याला बदलू द्यायचं, मदत लागली तर दुसऱ्या मोठ्या माणसाला कळवून करायची, आणि ओले कपडे बंद पिशवीत घालून घरच्यांच्या हातात द्यायचे."

चाचणीचा मुद्दा अजून मिटलेला नाही.