रोडरोलर नको, मीटर आणा

नागपुरात बुलेटच्या सायलेन्सरचा वाद अधूनमधून पेटतो. पोलिसांनी जप्त केलेल्या कर्कश सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवावा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, 'मोठं इंजिन आहे, आवाज होणारच.' इंग्लंडमधून हे ऐकताना एकच गोष्ट खटकते: आकडा कोणीच बोलत नाही. तेही नीरीच्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या गावात!

इथे स्पोर्ट्स कार ट्रॅक-डेला, म्हणजे हौशी लोकांना रेसच्या ट्रॅकवर गाडी पळवू देतात त्या दिवशी नेली, की ट्रॅकवर उतरण्याआधी तिचा आवाज मोजतात. माइक सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर दूर, ४५ अंशांत, तोंडाच्याच उंचीवर. इंजिन कमाल फेऱ्यांच्या तीन चतुर्थांशावर धरायचं. मिनिटाला कमाल ८,००० फेऱ्यांची गाडी असेल तर ६,००० वर. बऱ्याच ट्रॅकवर मर्यादा १०५ डेसिबल असते, काही ठिकाणी १०० च्याही खाली.

१०५ वाचून नागपूरकर हसेल, कारण भारतात १७५ सीसीवरच्या दुचाकीला मान्यता मिळताना मर्यादा ८० ची. पण ते ८० साडेसात मीटरवरून मोजलेले असतात. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे अर्ध्या मीटरवरचे १०५ साडेसात मीटरवर ८१-८२ भरतात. चाचण्या वेगळ्या आहेत, एकात गाडी उभी तर दुसरीत धावती, त्यामुळे तुलना ढोबळच. तरी अंतर न सांगता फेकलेला डेसिबलचा आकडा निरर्थक असतो, हे कळायला एवढं पुरे.

चाचणीत नापास होणाऱ्या गाड्यांची दुखणी ठरलेली. पहिलं, सायलेन्सरमधली फायबरची लोकर जळून उडालेली असते. रिव्हेट ड्रिल करून टोपी काढा, जाळीच्या नळीवर आधी स्टीलची लोकर गुंडाळा, मग लांब धाग्याची काचलोकर भरा. सैल भरली तर वायूबरोबर उडून जाते. ठासून भरली तर आवाज शोषायला हवाच उरत नाही. दुसरं, जोडातली गळती. क्लॅम्पजवळ काजळी दिसली, की तिथून आवाज निसटतोय असं समजा. तिसरं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकलेला. तो विषारी वायूंसोबत काही डेसिबलही गिळत होता.

ऐनवेळचा उपाय म्हणजे मागच्या तोंडावर जोडायचा जादा सायलेन्सर. त्याचा आतला व्यास मूळ पाइपाएवढा ठेवा. बारीक केला तर उलटा दाब नि उष्णता वाढते. वजन रबरी हँगरवर पेला, नाहीतर दुसऱ्याच फेरीत वेल्ड तडकतं.

खरी गंमत उभ्या चाचणीनंतर. नव्या गाड्यांपैकी अनेक न्यूट्रलमध्ये पूर्ण फेऱ्या घेऊच देत नाहीत आणि एक्झॉस्टच्या पाइपातला व्हॉल्व्हही बंद राहतो, म्हणून त्या झोकात पास होतात. ट्रॅकवर थ्रॉटल दाबताच व्हॉल्व्ह उघडतो, कडेचा आवाज मोजणारा मीटर पकडतो आणि 'ट्रॅकबाहेर या' सांगणारा काळा झेंडा दिसतो. शिवाय तिथे एअर फिल्टरकडून आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाजही मोजला जातो. मीटरजवळ हजार फेऱ्या आधीच वरचा गिअर टाकणं हा सगळ्यात स्वस्त सायलेन्सर.

हे शहाणपण आपसूक आलेलं नाही. शेजारी कोर्टात गेले. 'ट्रॅक आधीपासून होता, तुम्ही नंतर राहायला आलात' हा बचाव ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये मान्य केला नाही. सफोकमधल्या एका मोटरस्पोर्ट स्टेडियमविरुद्धचा तो खटला होता.

तेव्हा बुलेटवाल्या पोरांनो, 'मोठं इंजिन' ही सबब इथे पाच मिनिटंही टिकली नसती. पण रोडरोलरचंही कौतुक नको. चौकात कानाने ठरवलं तर ओरिजिनल पण सडलेला सायलेन्सर सुटतो, आणि नीट बसवलेला बाजारचा सायलेन्सर चिरडला जातो. शिवाय आपली हौस फेडायला हक्काचा ट्रॅक विदर्भात कुठे आहे? चेन्नई, कोइम्बतूर किंवा ग्रेटर नोएडासारखं दूरचं ठिकाण गाठावं लागतं, म्हणून वर्धा रोडचाच ट्रॅक होतो. तो प्रश्न मोठा आहे, एका दिवसात सुटणार नाही. मात्र कॅलिब्रेट केलेला मीटर, अर्ध्या मीटरची दोरी, कोनमापक आणि फेऱ्या दाखवणारा टॅकोमीटर एवढं सामान ट्रॅफिक पोलिसांच्या जीपमध्ये आजही मावतं. फक्त मोबाइलच्या अॅपवर चालान फाडू नका. माइक फोनगणिक वेगळा असतो, कोर्टात पहिल्याच तारखेला पडेल.