वॉलवर मजकूर चिकटवून फोटो सुरक्षित होत नाहीत

"उद्यापासून फेसबुकचा, म्हणजे मेटाचा, नवा नियम लागू. कंपनी तुमचे फोटो वापरणार. आज शेवटचा दिवस. हा मजकूर कॉपी करून आपल्या वॉलवर टाका, नाहीतर तुमची संमती धरली जाईल." आमच्या वाडीच्या ग्रुपवर हा मेसेज परत आला आणि तारकर्लीच्या आत्येने तो लगेच टाकला. वर फोनवर मला सांगते, "मी टाकलंय, आता कसलीच भीती नाय." तिची भीती गेली म्हणूनच मला लिहावं लागतंय.

"उद्यापासून" म्हणे. असे मजकूर 2012 पासून फिरताहेत. उद्या म्हणजे कुठली तारीख, ते एकातही नसतं.

खरा कहर कायद्याच्या नावाखाली आहे. "रोम कायद्यानुसार शिक्षा होईल" असं त्यात ठासून लिहिलंय. हा 1998 चा आंतरराष्ट्रीय करार. त्यातून हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं राहिलं. तिथे वंशसंहाराचे आणि युद्धगुन्ह्यांचे खटले चालतात, आणि भारताने त्या करारावर सहीसुद्धा केलेली नाही. देवबागच्या माणसाने टाकलेल्या गणपतीच्या फोटोशी त्याचा काय संबंध? खातं उघडताना आपण अटींखाली "मान्य" दाबलेलं असतं. कर्ज घेऊन घराच्या दारावर "मी व्याज देणार नाही" असं लिहिलं, तर बँक हप्ता सोडते का?

"नाहीतर संमती धरली जाईल" हे तर उलटंच आहे. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायाधीशांच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा घटनेच्या कलम 21 खालचा मूलभूत हक्क आहे. तो मिळवायला वॉलवर काही लिहावं लागत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही संमती स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, असंच म्हटलंय. म्हणजे नुसतं गप्प बसणं ही त्या कायद्याच्या लेखी संमती नव्हे.

व्हॉट्सॲपवर मेसेजखाली तीन टिक, त्यातली लाल म्हणजे सरकार वाचतंय, ही भर कोणीतरी नंतर घातली. केंद्र सरकारच्या माहिती कार्यालयाने, म्हणजे पीआयबीने, 2020 मध्येच ती खोटी ठरवली.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. सगळ्यांना दिसतील असे ठेवलेले फोटो आणि पोस्ट एआय शिकवायला वापरतो, हे मेटा स्वतःच सांगते. म्हणजे काळजी खोटी नाही, उपाय खोटा आहे. सेटिंगमध्ये जाऊन "पब्लिक" काढा आणि "फ्रेंड्स" करा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पण मजकूर टाकून निश्चिंत झालेल्या याच आत्येच्या फोनमध्ये होमस्टेच्या पाहुण्यांची आधार कार्डं पडलेली आहेत. दोन्ही बाजू, पूर्ण नंबर, जन्मतारीख, पत्ता. तेच फोटो पुढे बोटवाल्याला, गाडीवाल्याला, कधी थेट ग्रुपवर. आपल्या किनाऱ्यावर घरोघरी हेच चाललंय आणि त्याबद्दल एकही फॉरवर्ड येत नाही, याचा मला जास्त राग येतो. खोली बुक करतानाच पाहुण्यांना मास्क्ड आधार पाठवायला सांगा. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर ते फुकट मिळतं आणि त्यात नंबराचे शेवटचे 4 आकडेच दिसतात. पाहुणे गेले की तोही फोटो काढून टाका. आणि ग्रुपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) आली, तर ती उघडू नका, पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी.