जॉन डीकन थांबला, त्यात दुःख कसलं?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा बेस गिटारवादक जॉन डीकन १९९७मध्ये वाजवणं थांबवून घरी बसला. त्याने परत यायला हवं होतं, असं म्हणणारे क्वीनचे चाहते मला कायम भेटतात. ‘बिचारा खचला’, ‘फ्रेडी गेला आणि हाही संपला’, ‘एवढं नाव, एवढा पैसा, आणि घरात बसून राहिला’. मला हे अजिबात पटत नाही. खरं सांगायचं तर रागच येतो. ज्या माणसाने पाव शतक त्या बँडला तोलून धरलं, त्याने विचार करून घेतलेल्या निर्णयाची आपण कीव करत बसतो.

आपल्याकडे क्वीन म्हटलं की त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि फ्रेडी म्हटलं की पाचगणी. साहजिक आहे. सेंट पीटर्समध्ये तो शिकला, तिथल्याच पोरांच्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवायचा. सातारा जिल्ह्यातली गोष्ट आहे, अभिमान वाटणारच. पण त्या कौतुकात फ्रेडीच्या मागे उभा राहून बेस गिटार वाजवणारा माणूस कुणाच्या लक्षातच राहत नाही. मैफिलीत निवेदक साथीदारांची नावं शेवटी घाईघाईत उरकतो ना, तीच गत. त्यात आपण गाणी ऐकतो मोबाइलच्या स्पीकरवर. तिथे बेस ऐकूच येत नाही, मग वाजवणारा कुठून आठवणार?

डीकनचा जन्म १९५१चा, इंग्लंडमधल्या लेस्टरचा. अकरा वर्षांचा असताना वडील गेले. लहानपणापासून इलेक्ट्रॉनिक्सचं वेड. रेडिओवरची गाणी टेप करता यावीत म्हणून यंत्रं उघडून खटपट करणारा मुलगा. शाळेच्या वयातच तिथल्या ‘द ऑपोझिशन’ बँडमध्ये वाजवू लागला, आधी ऱ्हिदम गिटार आणि नंतर बेस. मग लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, तीही पहिल्या वर्गात. १९७१ साली क्वीनने त्याला घेतलं तेव्हा त्याआधीचे तीन बेसवाले येऊन गेले होते. हा शांत होता, पुढे पुढे करत नव्हता आणि बिघडलेलं यंत्र दुरुस्त करू शकत होता. पहिल्या अल्बमवर त्याचं नाव उलटं, ‘डीकन जॉन’ असं छापलं गेलं.

त्याच्या हातच्या एका वस्तूबद्दल मात्र सविस्तर बोलायलाच हवं. १९७२च्या सुमाराला त्याला रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या मोठ्या पेटीत एक सर्किट बोर्ड सापडला. कुणीतरी टाकून दिलेला. त्याने तो घरी आणला, पुस्तकांच्या कपाटात ठेवतात तसल्या छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा चिमुकला अ‍ॅम्प्लिफायर तयार केला. आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा त्याला नाही. क्वीनचा गिटारवादक ब्रायन मे याने आपली गिटार त्याला जोडली आणि अशी काही गंमत झाली की गिटारमधून चक्क ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटसारखे सूर निघू लागले. १९७५च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ अल्बममधलं ‘गुड कंपनी’ ऐका. जुन्या जॅझ बँडची सगळी वाद्यं वाजताहेत असं वाटतं, आणि ती आहे फक्त गिटार. तो अ‍ॅम्प आज जगभर ‘डीकी अ‍ॅम्प’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या नकला बनवून विकल्या जातात.

आणि गाणी! लोकांना वाटतं गाणी फ्रेडी आणि ब्रायनचीच. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ डीकनने बायकोसाठी लिहिलं. त्यात त्याला इलेक्ट्रिक पियानो हवा होता. फ्रेडीला ते वाद्य आवडेना, त्याने वाजवायला नकार दिला. डीकनने वाद घातला नाही. पियानो घरी नेला, शिकला आणि रेकॉर्डवर स्वतःच वाजवला. माझ्या मते हा सगळा माणूस या एका गोष्टीत कळतो.

१९८०चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ तर पूर्ण त्याचं. शिक नावाच्या अमेरिकी बँडचा बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स याचं ‘गुड टाइम्स’मधलं वाजवणं त्याच्या डोक्यात बसलं होतं. एरवी रॉक बँडवाले डिस्कोच्या नावाने नाक मुरडत, याने उघडपणे तिथून घेतलं. हेडफोन लावा आणि पहिली काही सेकंदं नीट ऐका. एकाच सुरावर तीन ठोके, मग मोकळी जागा. मग पुन्हा तोच सूर घेऊन जरासा वर जातो, खाली येतो. बस, एवढंच. पण ती मोकळी जागा भरायचा मोह त्याने टाळला म्हणून आपली मान आपोआप हलते. ड्रम्सही त्याला कोरडे, ठसठशीत, घुमारा अजिबात नसलेले हवे होते. बँडचा ड्रमवादक रॉजर टेलर याला ते मुळीच आवडलं नव्हतं, तरी त्याने तसे वाजवून दिले. बेसबरोबर ऱ्हिदम गिटारही डीकनचीच. हे गाणं सिंगल म्हणून, म्हणजे वेगळी रेकॉर्ड म्हणून काढा, असं मायकल जॅक्सनने सांगितलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’सुद्धा त्याचंच.

बँडच्या हिशेबांवर त्याची बारीक नजर असे, हेही आवर्जून सांगते. सुरुवातीच्या काळात गाणी गाजत होती आणि यांच्या खिशात दमडी नव्हती. करारच तसे होते. त्या करारांनी चौघांनाही चांगलाच धडा शिकवला. नंतर पैशाचे कागद डीकनने पाहिल्याशिवाय पुढे जात नसत. म्हणजे हा भाबडा, हळवा, परिस्थितीने वाहून गेलेला माणूस नव्हे. आपण काय करतोय ते त्याला नेमकं कळायचं.

२४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी गेला. एप्रिल १९९२मध्ये वेम्ब्लीच्या श्रद्धांजली मैफिलीत डीकन वाजवायला होता. जानेवारी १९९७मध्ये पॅरिसला, मोरिस बेजारच्या बॅले कंपनीच्या कार्यक्रमात, एल्टन जॉन गायला तेव्हाही होता. त्याच वर्षी ब्रायन आणि रॉजरबरोबर फ्रेडीच्या आठवणीतलं एक गाणं रेकॉर्ड केलं आणि थांबला. २००१ साली क्वीनचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, त्या सोहळ्यालाही गेला नाही. फ्रेडीच्या जागी दुसरा कुणी उभा राहू शकत नाही, हे त्याचं मत होतं आणि तो त्याप्रमाणे वागला. दुःख झालं नसेल असं मी म्हणत नाही. फार झालं असणार. पण दुःख झालेल्या माणसाने घेतलेला निर्णय चुकीचाच असतो, हे कुणी ठरवलं?

ब्रायन आणि रॉजर पुढे वाजवत राहिले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अ‍ॅडम लॅम्बर्ट त्यांच्याबरोबर सुंदर गातो आणि त्या मैफिलींना जाणाऱ्यांचा आनंद खरा आहे. माझं म्हणणं एवढंच, की वाजवत राहणं ही निष्ठा असेल तर थांबणं हीही निष्ठाच आहे. कलाकाराने शेवटच्या श्वासापर्यंत मंचावरच असलं पाहिजे, असा एक हट्ट आपल्या मनात बसलाय. आवाज गेलेला गायक माइकसमोर चाचपडतो तेव्हा आपण उभं राहून टाळ्या वाजवतो, आणि वेळेत उठून घरी गेलेल्याला मात्र पळपुटा ठरवतो. डीकनला सहा मुलं आहेत. चाळिशीतल्या बापाने त्यांच्यासोबत राहायचं ठरवलं, तर त्यात कसली हार?

कधीतरी एखादं इंग्रजी वर्तमानपत्र त्याचा रस्त्यात चोरून काढलेला फोटो छापतं. पिकलेले केस, साधे कपडे, आणि वर ‘ओळखलंत का?’ छापाचा मथळा. मग तो फोटो आपल्याकडच्या ग्रुपवरही फिरतो, खाली हळहळ सुरू होते. कृपा करून तो पुढे पाठवू नका. त्या माणसाने कुणाकडे काही मागितलेलं नाही.