आधी संडास दाखवा, मग समुद्र

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो की ट्रिपचं बुकिंग हे त्याचंच काम, असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं. आमच्याकडे तो माणूस मी. गेली अकरा वर्षं. उरलेल्या तेरा जणांचं काम एवढंच की मी ग्रुपवर लिंक टाकली की खाली अंगठा टाकायचा आणि तिथे पोचल्यावर बॅगा खाली ठेवता ठेवता "हेच मिळालं का गं?" असं विचारायचं. तर कोकणात राहायला घर कसं बघावं यावर चार शब्द बोलायचा हक्क मी कमावलाय असं मला वाटतं, आणि आता दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू झाल्यापासून रोज कोणीतरी इनबॉक्समध्ये येऊन "एखादं चांगलं घर सुचव ना" म्हणतंय, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

माझं म्हणणं सरळ आहे. घर फोटो बघून बुक करायचं नाही. तिथल्या माणसाशी फोनवर बोलायचं आणि एक व्हिडिओ मागायचा. गेटपासून सुरू करायचा, मध्ये कुठे बंद करायचा नाही, खोल्या, संडास-बाथरूम, मागची बाजू आणि मग तसंच चालत चालत थेट समुद्रापर्यंत. जो हा व्हिडिओ द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडे आपण जायचं नाही, मग त्याचा स्विमिंग पूल कितीही निळाशार असो.

हे शहाणपण आलं चार वर्षांपूर्वी, अलिबागच्या बाजूला. नाव घेत नाही, घेऊन आता काय उपयोग. ॲपवर लिहिलेलं "सी टच व्हिला, चार बेडरूम, चार बाथरूम", फोटोत पांढऱ्या चादरी, चादरीवर टॉवेलचे हंस, मागे निळं पाणी. दोन रात्रींचे अडतीस हजार. मी खूश, कारण चौदा माणसांत ते डोक्यामागे बरं पडत होतं. पोचलो तर समुद्र कुठेच नाही. केअरटेकर म्हणाला, "आहे ना मॅडम, ह्या वाडीच्या पलीकडे." ती वाडी, म्हणजे बाग, दुसऱ्याची, तिला कुलूप. रस्त्याने फिरून गेलं तर गाडीने सात मिनिटं. फोटोतलं निळं पाणी म्हणजे गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या बाजूला उभं राहून, झूम करून काढलेली एक पट्टी होती, मी स्वतः वर जाऊन बघून आले.

पण समुद्राचं सोडा हो. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. खाली बेडरूम एकच, आणि त्या बेडरूमचा संडास नेमका भारतीय पद्धतीचा. बाकीचे तीन कमोड वरच्या मजल्यावर आणि जिन्याला कठडा नाही! मी केअरटेकरला म्हटलं आता काय करायचं, तर तो दोन मिनिटांत मागून एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आला, मधोमध गोल कापलेली. कडा मेणबत्तीने की कशाने शेकवून गुळगुळीत पण केलेल्या, म्हणजे टोचू नये. ती खुर्ची बघून मला राग आला, हसू आलं आणि मग एकदम लक्षात आलं की ही आमच्यासाठी कापलेली नाहीये, आमच्याआधी कितीतरी लोक आपापल्या आयांना घेऊन येऊन गेलेत, आणि मालकाने एक कमोड बसवायच्या ऐवजी एक खुर्ची कापली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवस त्या पाणीच कमी प्यायल्या, हे मला घरी आल्यावर कळलं.

तेव्हापासून माझा पहिला प्रश्न कमोडचा. दुसरा पायऱ्यांचा. समुद्र तिसरा. घर ठरवताना बरोबरच्यातलं सगळ्यात जास्त अडणारं माणूस डोळ्यासमोर आणायचं, आपल्याकडे ती आजी असेल, कोणाकडे चार महिन्यांचं बाळ असेल, त्यांचं जमलं की उरलेले कुठेही झोपतात, पडवीत गादी टाकून दिली तरी घोरतात.

आता समुद्राचं. सी व्ह्यू, सी फेसिंग, सी टच, हे शब्द कोणीही कशालाही लावतं. त्यात थोडी माहिती असलेली बरी. आपल्या किनाऱ्याला 1991 पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे वगैरे, नियम आहेत, भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा त्यात येतो, आणि गावखेड्यांच्या भागात त्यातल्या पहिल्या 200 मीटरमध्ये नवीन बांधकामाला साधारणपणे परवानगीच नाही (2019 च्या नियमांत दाट वस्तीच्या ग्रामीण भागासाठी हे अंतर 50 मीटर केलंय). मग एखादा कोरा करकरीत काचेचा बंगला वाळूला चिकटून उभा दिसला की मला आधी प्रश्न पडतो की हा उभा राहिला कसा. सगळेच बेकायदेशीर असतात असं नाही म्हणत मी. पण खरोखर समुद्राला लागून असलेली घरं बघायची तर ती जुनीच असतात. दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर ह्या बाजूची गावं आठवा, मधून एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, घराच्या मागे नारळी-पोफळीची लांबलचक वाडी, वाडी संपली की सुरूची झाडं किंवा केवडा आणि मग वाळू. रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूचं घर मिळालं तर मागच्या दारातून चप्पल न घालता पाण्यात जाता येतं. समोरच्या बाजूचं मिळालं तर लोकांच्या वाडीतून वाट शोधत बसा. त्यामुळे फोनवर "बीच किती लांब" विचारायचंच नाही, "पाच मिनिटं" हेच उत्तर येतं, चालत की गाडीने ते आपण गेल्यावर कळतं. विचारायचं, "तुमच्या वाडीतूनच वाट आहे ना?" ह्या प्रश्नाला खोटं उत्तर देताना माणूस जरा अडखळतो.

फोटो कधीचे आहेत हेही बघा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं ते ह्याच पट्ट्यावर. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ लावली की लगेच उभी राहत नाही, उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षं तरी घेते, नारळाचंही तसंच. पण कित्येक ठिकाणी अजून जुनेच फोटो लावलेत, घरामागे नुसता काळोख इतकी दाट झाडी, आणि प्रत्यक्षात गेलं की भर दुपारी ऊन अंगावर. त्यात मालकाला दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही, पिढ्यांनी लावलेली झाडं एका दिवसात गेली त्यांची. पण आपण सावलीच्या आशेने मे महिन्यात लहान पोरं घेऊन जाणार असू तर विचारून घ्यावं.

आणि मे महिन्यात जाणार असाल तर पाणी! पावसाळ्यात धो-धो पडणाऱ्या कोकणात मेमध्ये टँकर फिरतात हे पुण्या-मुंबईच्या लोकांना खरंच वाटत नाही. "विहीर आहे का" नाही विचारायचं, विहीर असतेच, "मे अखेरीला विहिरीला पाणी राहतं का आणि चौदा जणांच्या आंघोळी निघतील का" असं विचारायचं. तसंच इन्व्हर्टर आहे म्हणाले तर त्यावर एसी चालतो का फक्त पंखे, हे विचारा, बहुतेक ठिकाणी एसी चालत नाही.

जेवणाचं लोक सगळ्यात शेवटी विचारतात आणि भांडणं सगळ्यात जास्त तिथेच होतात. बरीच घरगुती ठिकाणं शाकाहारी असतात, तिथे वालाचं बिरडं, सोलकढी, मोदक असं सुंदर जेवण मिळेल, पण घरात मासे आणून करून देणार नाहीत, आणि आपल्या गटात अर्धे जण "मासे खायलाच चाललोय" ह्या तयारीने निघालेले असतात. हे आधी स्पष्ट बोलून घ्या. त्यांच्या घरातले नियम ते पाळणार, आपण पाहुणे. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागतात, सकाळी उठून "आज मोदक करा ना काकू" म्हणू नका, नारळ खवून, उकड काढून, चौदा जणांचे मोदक वळायला काय लागतं ते एकदा करून बघा. आणि जून-जुलैत जाऊन "ताजी सुरमई" मागू नका. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येणारी सुरमई बहुतेक वेळा बर्फातली असते, नाहीतर मग खाडीचं मिळेल ते खावं, ते जास्त चांगलं लागतं असं माझं मत.

ॲपवर बुक करावं की डायरेक्ट फोनवर, ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत. नवरा ॲपवाला. त्याचं म्हणणं पैसे अडकले तर दाद मागायला कोणीतरी असतं, आणि ते खरंच आहे, कॅन्सलेशनचे नियम तिथे लिहिलेले तरी असतात. माझी तक्रार अशी की एअरबीएनबीसारख्या ठिकाणी बुकिंग होईपर्यंत बऱ्याचदा नकाशावर नुसता एक गोल दिसतो, नेमकं घर कळत नाही, आणि मला तर वाडी कोणाची इथपर्यंत जायचंय. (त्या एअरबीएनबीची सुरुवात म्हणे 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत हॉलमध्ये हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले तिथून झाली. आमच्या आजोळी लग्नाला साठ माणसं माजघरात गाद्या टाकून झोपायची, कंपनी काढायचं कोणाला सुचलं नाही.)

डायरेक्ट करणार असाल तर मात्र पैशाचं जपून. माझ्या नणंदेच्या ऑफिसातल्या एकीचे बारा हजार गेले, नेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला, समोरचा अगदी गोड बोलला, फोटो पाठवले, "लास्ट रूम आहे ताई, आत्ता ॲडव्हान्स टाका" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी नंबर बंद. फोटो दुसऱ्याच कुठल्यातरी रिसॉर्टचे. ते फोटो गूगल लेन्सवर टाकून बघितले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं. आणि कोणी रिफंड देतो म्हणून क्यूआर कोड पाठवला तर स्कॅन करू नका, कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. झालंच असं काही तर लाजत बसू नका, लगेच 1930 ला फोन करा, सायबर फसवणुकीसाठीचाच नंबर आहे तो, जितका उशीर तितके पैसे लांब गेलेले असतात. माझा व्हिडिओचा आग्रह इथेही कामी येतो, चोराकडे घरच नसतं तर तो व्हिडिओ कशाचा काढणार.

रिव्ह्यू मी पाच स्टारवाले वाचतच नाही. तीन स्टारवाले वाचते. एक स्टारवाला चिडलेला असतो, पाच स्टारवाला मालकाचा मेव्हणा असू शकतो, तीन स्टारवाला बिचारा खरं सांगतो की घर छान पण रात्री शेजारच्या व्हिलात डीजे होता.

स्विमिंग पूलबद्दल माझं आणि दिराचं भांडण जुनं आहे. समुद्राच्या गावाला जाऊन पोरं दिवसभर क्लोरीनच्या पाण्यात बसणार असतील तर चिंचवडला क्लब काय वाईट आहे? आणि त्या भागात विहिरीचं पाणी उपसून पूल भरायचा हे मला बघवत नाही. पण एक कबूल करते, ओहोटीच्या वेळी समुद्रात पोरांना सोडून काठावर उभं राहताना माझाही जीव खालीवर होतो, आणि कमरेएवढ्या पाण्याच्या पूलमध्ये निदान ती डोळ्यासमोर असतात. असो, ह्यावर मी अजून हरलेली नाही.

तर ह्या वर्षीचं सांगते. श्रीवर्धन तालुक्यात एका काकूंचं घर सापडलं, ओळखीतून. ॲपवर नाहीत, फोटो तीनच, त्यातही एकात नुसता कुत्रा. मी फोन करून सगळं विचारलं आणि शेवटी घाबरत घाबरत व्हिडिओ मागितला. त्या म्हणाल्या, "संडाससुद्धा दाखवू?" म्हटलं काकू, तोच आधी दाखवा. संध्याकाळी चार मिनिटांचा व्हिडिओ आला. थरथरणारा हात, काकूंच्या चपलांचा चटक-चटक आवाज, पडवी, खाली दोन खोल्या, दोन्हीकडे कमोड, एकाच्या बाजूला भिंतीत स्टीलची दांडी ("आमच्या ह्यांच्या अर्धांगाच्या वेळी बसवली, मजबूत आहे"), मग मागचं दार, दोन पायऱ्या, विहीर, वाडी, मध्येच आडवी गेलेली कोंबडी, वादळानंतर लावलेल्या पोफळींची डोक्याच्या वर गेलेली रांग, बांबूचं फाटक, वाळू. तिथे काकू थांबल्या. "आत्ता भरती आहे, म्हणून इथपर्यंतच. पाय भिजतायत माझे."

सासूबाईंनी तो व्हिडिओ तीनदा बघितला. दांडीपाशी थांबवून जवळून बघितली, आणि "ह्या बाईंना दोन हजार ॲडव्हान्स पाठव आजच" म्हणाल्या. पाठवले. मग मी व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकला. अर्ध्या तासात बारा अंगठे आले, आणि दिराचा मेसेज, "वहिनी, मस्तच. पूल कुठल्या मिनिटाला आहे?"