पेठकर, आधी भागाकार करा

‘एक पेठकर’, लोक मत कसं बनवतात यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया ‘पुस्तकी पोपट’ आणि ‘घाबरट’सकट जशीच्या तशी ठेवली आहे. टोपणनावाआडून दुसऱ्याला घाबरट म्हणायला धाडस लागतं खरं. एक चूक मान्य: आकडे वाचताना पक्षनिष्ठा कशी आड येते यावरच्या, अमेरिकी संशोधक डॅन कहान आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाचं मी लेखात दिलेलं 2017 हे छापील अंकाचं साल; मसुदा 2013 पासून फिरत होता. दुरुस्ती केली आहे.

आता तुमचं ते वाक्य: ‘शिकलेला माणूस आकडे बघून मत बनवतो, अडाणी भावनेवर.’ बारा वर्षं संख्याशास्त्र शिकवतोय, त्यामुळे हे सोडवत नाही.

त्या प्रयोगात अमेरिकेतल्या 1,111 जणांना एकेक तक्ता दिला होता. मलम लावलेल्यांत 223 जणांचं पुरळ कमी झालं, 75 जणांचं वाढलं. न लावलेल्यांत 107 जणांचं कमी, 21 जणांचं वाढलं. नजर 223 वर पडते आणि मलम गुणकारी ठरवून मोकळी होते. भागाकार केला की कळतं: पुरळ कमी झालेले लावणाऱ्या 298 पैकी 75 टक्के, न लावणाऱ्या 128 पैकी जवळपास 84 टक्के. न लावलेलेच बरे! गणित चांगलं असणाऱ्यांना हे जास्त जमलं. काहींच्या तक्त्यात मात्र आकडे तेच, मथळे वेगळे: मलमाच्या जागी लपवून पिस्तूल बाळगायला बंदी, पुरळाच्या जागी गुन्हे. तिथे गणित पक्कं असणाऱ्यांतच पक्षानुसार फूट जास्त पडली. वरवरचं उत्तर सोयीचं असलं की भागाकार सुचत नाही. गैरसोयीचं असलं की लगेच पेन निघतं. म्हणजे शिक्षणानं पेन मिळतं, ते कधी काढायचं हे बाजू ठरवते.

‘हे अमेरिकेत’, म्हणाल. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांत हा परिणाम इतका ठळक आला नाही, हेही खरं. मग तुमच्या कट्ट्यावर करा की, हेल्मेटसक्तीवर. सक्तीबद्दलचं मत आठवडाभर आधी विचारून ठेवा. त्याच दिवशी विचारलंत तर माणूस सावध होतो. वरचेच आकडे घ्या, ‘सक्ती असलेली शहरं’ आणि ‘नसलेली’. अर्ध्या कागदांवर ‘मृत्यू घटले’ आणि ‘वाढले’ यांची अदलाबदल करा. एकाला एकच कागद, आणि उत्तर चहाच्या आधी लिहून घ्यायचं. चर्चा सुरू झाली की मोठ्या आवाजाचं उत्तर सगळ्यांचं होतं. दहाबारा कागदांवर निष्कर्ष काढू नका, निदान दोनेकशे लागतील. आकडे काल्पनिक होते हे शेवटी सांगा, नाहीतर रात्रीपर्यंत ते व्हॉट्सॲपवर फिरतील.

जात, पैसा, घराणेशाही हे तुमचे बाकीचे मुद्दे लेखाच्या दुसऱ्या भागात आहेत. तिथपर्यंत पोचला असतात तर दिसले असते.