‘क्रेटाच्या पैशात ऑडी टीटी’: फिरत्या मेसेजचा हिशेब

सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: नवी क्रेटा कशाला, १५ लाखांत २०१०ची ऑडी टीटी, म्हणजे ऑडीची दोन दारांची स्पोर्ट्स गाडी, घ्या. ५० हजार किलोमीटर पळालेली म्हणजे नवीनच. इंजिन स्कोडाचंच, त्यामुळे पार्ट स्वस्त आणि काम गावातच होतं. गिअर ऑइल लाइफटाइम असतं. वर्षाला ३० हजार बाजूला ठेवले की झालं.

टीटी वाईट गाडी नाही. तिची चेसिस आजही लाजवाब आहे आणि मेसेजमधला एक मुद्दा अर्धा खरा आहे. पण हा हिशेब करणाऱ्याने पावत्या पाहिलेल्या दिसत नाहीत.

‘वर्षाला ३० हजार पुरतात’

आधी कागद आणि रबर एवढंच मोजू. टीटी भारतात कधीच जुळवली गेली नाही, तयार गाडी म्हणूनच आयात झाली. १५ वर्षांनंतर आरसी ५ वर्षांसाठी नवी करताना साध्या मोटारीला ५ हजार रुपये फी आहे, इम्पोर्टेड मोटारीला ४० हजार. म्हणजे वर्षाला ८ हजार, पर्यावरण कर वेगळा. १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम ७,८९७ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ९,३१८. २४५/४० आर १८ मापाचे चार चांगले टायर साठ हजारांच्या आसपास जातात. ५ वर्षं टिकले तर वर्षाला १२ हजार.

बेरीज २९,३१८. बोनेट अजून उघडलेलंच नाही.

‘५० हजार किलोमीटर म्हणजे नवीनच’

१५ वर्षांत ५० हजार म्हणजे महिन्याला तीनशेही नाही. अशी गाडी बहुतेक वेळ उभी असते, आणि रबर, प्लास्टिक, तेल ही मंडळी मीटर बघून म्हातारी होत नाहीत. त्यात सोलापूरचा ४२-४३ अंशांचा उन्हाळा. लोअर आर्मचे बुश, शॉकअॅब्सॉर्बरचे वरचे माउंट, कूलंटचे प्लास्टिक जोड आणि पाइप हे सगळं बदलायचंच आहे असं धरून भाव करा. टायरवर नक्षी भरपूर दिसेल, पण बाजूवरचा चार आकडी कोड वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपेक्षा जुना टायर मोजायचाच नाही. टीटीच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. हँडल ओढल्यावर काच किंचित खाली सरकायला हवी. सरकत नसेल तर लॉकमधला मायक्रोस्विच गेलाय आणि पावसाळ्यात सीट भिजणार.

‘इंजिन स्कोडाचंच आहे’

हाच तो अर्धा खरा मुद्दा. २०१०च्या आसपासच्या टीटीत २.० टर्बोची दोन वेगळी इंजिनं सापडतात. आपली गाडी कुठल्या इंजिनाची हे इंजिन कोडवरून पक्कं केल्याशिवाय टोकन देऊ नका, कारण दोघांची दुखणी वेगळी.

जुनं ईए ११३ टायमिंग बेल्टवर चालतं. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. पाच-सहा वर्षांत बदलल्याची पावती नसेल तर बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि त्याच बेल्टवर फिरणारा वॉटर पंप एकदमच बदला. दुसरी जागा हाय प्रेशर पेट्रोल पंपाची. पंप आणि कॅमच्या मध्ये वाटीसारखा छोटा फॉलोअर असतो. त्याचा थर झिजला की भोक पडतं आणि मग पंप व कॅमशाफ्ट दोन्ही जातात. पेट्रोलचं प्रेशर उतरवून पंपाचे तीन स्क्रू काढले की तो दिसतो. दर ३० हजार किलोमीटरला बघावा. पार्ट स्वस्त, दुर्लक्ष महाग.

नंतरचं ईए ८८८ चेनवालं. लॉरा आणि सुपर्बच्या १.८ टीएसआयचा हा सख्खा भाऊ, म्हणून स्कोडावर हात बसलेल्या मिस्त्रीला ते परकं नाही आणि बरेच पार्ट चेसिस नंबरवरून जुळतात. पण भावाबरोबर घराण्याचे रोगही आले. सुरुवातीच्या चेन टेन्शनरचं (चेन ताणून धरणाऱ्या पार्टचं) लॉक दगा देतं. इंजिन बंद असताना ऑइलचं प्रेशर नसतं, चेन सैल पडते आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला दात सोडते. लगेच व्हॉल्व्ह वाकतात. टायमिंग कव्हरवरची छोटी रबरी टोपी काढून टेन्शनर सुधारित आहे का ते पाहता येतं. स्कॅनरवर कॅमची फेजही (क्रँकच्या मानाने कॅम किती सरकलाय ते) बघा, चेन ताणली असेल तर तिथे कळतं. गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. ‘गरम करून ठेवली होती’ हे उत्तर संशयाचं.

दुसरा रोग ऑइल खाण्याचा. ऑइल रिंगची बारीक भोकं काजळीने बुजतात. कंपनीच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण एकूण ऑइल भरतं ४.६ लिटर. डिपस्टिक न बघता दोन-तीन पुणे फेऱ्या झाल्या की अर्धा-पाऊण लिटर गेलेलं असेल. पक्का इलाज पिस्टन-रिंगचा, आणि तो लाखाच्या पुढे जातो. त्याआधी पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा: त्याचा पडदा फाटला तरी ऑइल जातं, आयडलला शिट्टीसारखा आवाज येतो, आणि हे काम तुलनेने किरकोळ आहे. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं, इनटेकच्या खाली लपलेलं. सुकलेला गुलाबी डाग दिसला की समजायचं. तिथे बोअरचं पाणी ओतणाऱ्याला हात जोडा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

पेट्रोलमध्ये औषध टाकून व्हॉल्व्हवरची काजळी जाते, हेही मेसेजखाली कुणीतरी चिकटवलंय. या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते लागतच नाही. काजळी खरवडून किंवा अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने ब्लास्ट करूनच निघते.

‘गिअर ऑइल लाइफटाइम’

साफ चूक. सहा गिअरच्या या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सात) क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात, त्यामुळे क्लचची झीज थेट मेकॅट्रॉनिककडे, म्हणजे गिअर बदलणाऱ्या कंट्रोल युनिटकडे, जाते. दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर, साधारण ५ लिटरच्या वर. लेव्हल तेल ३५ ते ४५ अंशांवर असताना स्कॅनर लावून, इंजिन चालू ठेवूनच जुळवायची. मापाने ओतून झाकण लावणाऱ्याकडे जाऊ नका. मागच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या हॅल्डेक्स कपलिंगचं तेल वेगळं. ते विसरलं की पंप तुंबतो आणि क्वाट्रो (चारही चाकांना ताकद देणारी टीटी) गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर पळते.

‘काम गावातच होतं’

ऑइल, ब्रेक, बुश होतील. पण टीटीच्या बॉडीत बराच भाग अॅल्युमिनियमचा आहे, त्याला नेहमीच्या डेंटरचा हातोडा चालत नाही. उसाच्या हंगामात ट्रॉलीमागून रात्री गाडी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मोठं काम निघालं तर पुणे, अडीचशे किलोमीटर. क्वाट्रोला दोन चाकं उचलून ओढायचं नाही, चारही चाकं वर असलेला फ्लॅटबेडच लागतो. विमा घेताना रोडसाइड असिस्टन्समध्ये किती किलोमीटरपर्यंतचं टोइंग आहे, तो आकडा वाचून घ्या.