फिकट गुलाबी

गुलाबी हा एकच रंग असतो, अशी माझी अठराव्या वर्षापर्यंत प्रामाणिक समजूत होती. बडीशेपेच्या गोळीचा असतो, तो. या समजुतीवर मी बारावी सायन्स पास झालो आणि तालुक्याच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला केमिस्ट्री घेऊन बसलो. बारावीला प्रॅक्टिकलं झाली होती. म्हणजे पुढची मुलं करायची आणि मी मागून त्यांच्या पाठी बघायचो. एफवायला मात्र पुढं कुणी नव्हतं. दर मंगळवारी दुपारी तीन तास मी, एक ब्यूरेट, म्हणजे खुणा आखलेली, खाली तोटी असलेली काचेची नळी, आणि माझ्याइतकाच अडाणी पार्टनर.

काम एकच, टायट्रेशन: एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडायचं आणि रंग बदलला की किती लागलं त्यावरून त्याची तीव्रता काढायची. मराठी शाळेत या प्रकाराला अनुमापन म्हणायचे. बीकर म्हणजे चंचुपात्र, कॉनिकल फ्लास्क म्हणजे शंकुपात्र. आता चंचुपात्राला निदान चोच तरी दिसते. पण सर इंग्रजीत सांगायला लागले की मी मनात भाषांतर करायचो, ते होईपर्यंत पुढची बॅच दारात उभी राहायची.

सुरुवात वजनापासून. ऑक्झॅलिक ॲसिड ०.६३ ग्रॅम घ्यायचं, १०० मिलि द्रावण करायचं, की झाली त्याची तीव्रता ०.१ नॉर्मल. वहीत एक ओळ. प्रत्यक्षात पाऊण तास. काचेच्या पेटीत दोन पारड्यांचा तराजू, वजनं बोटानं उचलायची नाहीत, चिमट्यानं उचलायची. पंखा बंद. श्वास जवळपास बंद. काटा जरा डावीकडे, जरा उजवीकडे, मग चिमूटभर टाका, मग अर्धी चिमूट काढा. आमच्या गावच्या सोनारानं एवढा वेळ लावला असता तर निम्मी लग्नं मोडली असती.

मग पिपेट, म्हणजे द्रावण मोजून ओढून घ्यायची काचेची नळी. आता म्हणे त्याला रबरी फुगा लावतात. तेव्हा आमची तोंडं होती. द्रावण खुणेच्या वर ओढायचं, चटकन बोट दाबायचं आणि मग हळूहळू खुणेपर्यंत उतरवायचं. माझी नजर खुणेवर आणि पिपेटचं टोक कधी द्रावणाच्या वर आलं ते कळलंच नाही. सुर्रकन हवा आणि हवेबरोबर सगळं ॲसिड तोंडात.

"थुंक! आधी थुंक!" लॅबमधले मामा धावत आले. सरांना आमची नावं माहीत नसायची, मामांना प्रत्येकाचे प्रताप पाठ होते. मी बेसिनवर सात-आठ चुळा भरल्या.

"मामा, काही होईल का हो?"

"काही नाही होत. अळू खाल्लंस असं समज. त्यात हेच असतंय."

मामांचं केमिस्ट्री बरोबर होतं. अळू घशाला खाजतं ते त्यातल्या ऑक्झॅलेटच्या सुयांनी. पण त्यानंतर अळूच्या फदफद्याकडे मी पुन्हा निर्मळ मनानं कधी बघू शकलो नाही.

हे सगळं पार पडल्यावर खरी परीक्षा. ब्यूरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, खाली फ्लास्कमध्ये १० मिलि ॲसिड, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब (हे ॲसिडमध्ये बिनरंगी राहतं, ॲसिड संपलं की गुलाबी होतं), फ्लास्कखाली पांढरी टाइल. डाव्या हातानं तोटी, उजव्या हातानं फ्लास्क हलवत राहायचं. रीडिंग घेताना डोळा पाण्याच्या रेघेच्या बरोबर समोर हवा, म्हणून अख्खी बॅच गुडघ्यांत वाकून, काचेतल्या माशाकडे मांजर बघतं तशी ब्यूरेटकडे बघत असायची. हे फिनॉल्फ्थॅलीन तेच, जे लाचखोरीच्या सापळ्यात नोटांना लावतात. साहेबाचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं आणि साहेब पांढरे पडतात. त्यांना एकदाच बघावं लागतं. आम्हाला तीनदा.

कारण सरांना नुसता गुलाबी नको होता. फिकट गुलाबी हवा होता. इतका फिकट, की आहे की नाही अशी शंका यावी. आणि तो येतो एका थेंबावर. ९.८ मिलिपर्यंत फ्लास्कमध्ये साधं पाणी वाटतं. थेंब पडतो तिथं गुलाबी ढग येतो, हलवलं की जातो. येतो, जातो. माणूस कंटाळतो, तोटी जराशी जास्त फिरते आणि फ्लास्कमध्ये नवरात्र सुरू होतं. थेंब सुमारे ०.०५ मिलिचा. त्याच्याही निम्मा सोडायचा असेल तर तो ब्यूरेटच्या टोकाशी लोंबकळत ठेवायचा, फ्लास्कच्या काठाला टेकवायचा आणि पाण्यानं खाली धुवायचा, असं सरांनी दाखवलं होतं. माझा अर्धा थेंब नेहमी दीड मिलिचा व्हायचा.

एकदाच जमलं. अगदी हवा तसा रंग आला. मी ओरडलो, "सर, आला!" सर दुसऱ्या टोकाच्या टेबलावरून शांतपणे चालत आले, चष्मा वर केला, फ्लास्क उजेडात धरला.

"कुठाय?"

नव्हता. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो आणि रंग उडतो, म्हणून तर तीस सेकंद टिकला की एंड पॉइंट, म्हणजे थांबायची जागा, धरतात. सर येईपर्यंत चाळीस झाले असावेत.

माझी तीन रीडिंग आली ९.८, ११.३ आणि १०.६. पार्टनरनं जर्नलात लिहिली १०.१, १०.२, १०.२. तिन्ही सारखी का नाही लिहिली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "खोट्यातही थोडी माणुसकी पाहिजे."

दिवाळीत घरी गेलो. आईचं केमिस्ट्रीबद्दल मत आधीच वाईट होतं. सल्फ्युरिकचा थेंब पँटवर पडला तर तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर बरोबर भोक निघतं. दोन पँटी अशा गेल्यामुळे आईनं साबण बदलून पाहिला होता. मी तिला माझं दुःख सांगितलं. तिनं काही न बोलता कपाट उघडलं आणि पलंगावर साड्या टाकायला सुरुवात केली.

"हा का?"

"नाही गं, हा फार गडद."

"अरे ही राणी. बरं, हा?"

"हा पण नाही."

"ही गुलबक्षी. ही डाळिंबी. ही अबोली, पण अबोली पिवळ्यात जाते, तुला नको." मग तळातून तिनं एक जुनी, धुऊन मऊ झालेली साडी काढली. "हा बघ. कांदापाकळी."

तोच! मी चार महिने ज्याच्या मागं होतो तो रंग आमच्या कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून होता.

वार्षिक प्रॅक्टिकलला मला नेमकं तेच टायट्रेशन आलं. हात थरथरत होते, पण या वेळी मी काय शोधतोय ते मला माहीत होतं. १०.२ ला थांबलो. कांदापाकळी. दुसरं १०.२. तिसरंही १०.२, आणि या वेळी खरोखर. सोडियम हायड्रॉक्साइड ०.०९८ नॉर्मल असं उत्तर लिहून मी एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, उभा राहिलो.

"व्हॉट इज द कलर चेंज?"

"कलरलेस टू..." मी म्हणालो, आणि जीभ घसरली. "कांदापाकळी, सर."

ते वर बघायला लागले. मग म्हणाले, "दाखवा बरं."

टेबलावर जाऊन बघतो तर फ्लास्क पाण्यासारखा स्वच्छ. मी घाईघाईनं कार्बन डायऑक्साइडची हकिकत सांगितली. आता एकच थेंब टाकतो सर, म्हणालो आणि तोटी फिरवली. तोटीचं ग्रीस नेमकं तेव्हाच दगा द्यायचं होतं. सर्रकन धार लागली.

एक्स्टर्नलनी फ्लास्क उचलून खिडकीकडे धरला.

"ही राणी झाली," ते म्हणाले. "कांदापाकळी नाही. आमचं घरचं कापडाचं दुकान आहे."